उसने यंत्र आणि स्वाधीन वाचन : बोलक्या पुस्तकांच्या देवघेव व्यवस्थेची चिकित्सा

सारांश :
दृष्टिबाधित आणि शारीरिक अपंगत्वामुळे छापील पुस्तक हाताळू न शकणाऱ्या वाचकांना ध्वनिपुस्तकांबरोबर ती ऐकण्याचे यंत्रही उसने देण्याची प्रथा अमेरिकेत विसाव्या शतकाच्या चौथ्या दशकात रूढ झाली. ग्रंथालयाने पुस्तक द्यावे हे सर्वमान्य आहे. परंतु पुस्तक वाचण्याचे साधनही द्यावे ही कल्पना ग्रंथालयाच्या परंपरागत व्याख्येत बसणारी नव्हती. प्रस्तुत लेखात अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमार्फत चालणाऱ्या सेवेचा विकास, तिच्यातील यंत्राचे स्थान, पात्रतेच्या अटी, ग्रंथनिवडीचा प्रश्न आणि स्वामित्वहक्काची कुंपणे यांची डॉ. शि. रा. रंगनाथन यांच्या ग्रंथालयसूत्रांच्या आधारे चिकित्सा केली असून, महाराष्ट्रातील महाविद्यालयीन ग्रंथालयांच्या दृष्टीने या अनुभवाचा अर्थ काय, याचा विचार केला आहे.

महत्त्वाचे शब्द : बोलके पुस्तक, ध्वनियंत्र, देवघेव, दृष्टिबाधित वाचक, श्रवणवाचन, स्वामित्वहक्क, महाविद्यालयीन ग्रंथालय.

प्रस्तावना :
मराठीत विद्वान माणसाला ‘बहुश्रुत’ म्हणतात. ज्याने पुष्कळ ऐकले आहे तो बहुश्रुत. ज्ञान आणि श्रवण यांचे नाते किती जुने आहे, हे या एका शब्दावरून लक्षात येते. श्रवण, मनन आणि निदिध्यासन या क्रमात श्रवणाला पहिले स्थान आहे. नवविधा भक्तीचा आरंभही श्रवणानेच होतो. चातुर्मासात घरोघरी होणारे पोथीवाचन, देवळातील पुराण, कीर्तनकाराचे निरूपण या साऱ्यांतून लिहिता-वाचता न येणाऱ्या पिढ्यांनी ग्रंथ आत्मसात केले. असे असूनही आधुनिक शिक्षणव्यवस्थेत ऐकलेले पुस्तक हे वाचलेले पुस्तक मानावे की नाही, याविषयी एक अव्यक्त शंका कायम राहिली. अंध विद्यार्थ्याने कादंबरी ऐकली असे म्हटले जाते. ती वाचली असे म्हणताना जीभ अडखळते.

ही शंका दूर करण्याचा एक मार्ग श्रवणाच्या साधनांकडे पाहण्याचा आहे. पोथी ऐकणारा श्रोता वाचणाऱ्याच्या गतीवर अवलंबून असतो. एखादी ओवी पुन्हा ऐकावी असे वाटले तरी सर्वांना थांबवणे त्याला संकोचाचे वाटते. अंध विद्यार्थ्याला वाचून दाखवणारा मित्र कितीही प्रेमळ असला, तरी त्याची सवड, त्याचा कंटाळा आणि त्याची आवडनिवड वाचनावर परिणाम करतेच. ध्वनियंत्र हाती आल्यावर ही अवलंबिता मोठ्या प्रमाणात कमी होते. थांबवणे, मागे जाणे, गती वाढवणे, मध्यरात्री एकट्याने ऐकणे, न आवडलेले पुस्तक अर्धवट सोडणे या सर्व क्रिया डोळस वाचकाच्या पाने उलटण्याशी समांतर आहेत. ‘वाचून दाखवणे’ आणि ‘वाचणे’ यांतील भेद डोळे आणि कान यांचा नसून ताब्याचा आहे, आणि हा ताबा यंत्रामुळे मिळतो. म्हणूनच यंत्र कोणाकडे आहे, ते कोणत्या अटींवर मिळते आणि बिघडल्यावर कोण दुरुस्त करते, हे प्रश्न तांत्रिक नसून वाङ्मयीन संस्कृतीचे प्रश्न ठरतात.

१. बोलक्या पुस्तकाचा उदय आणि यंत्राचा प्रश्न :
थॉमस एडिसन यांनी १८७७ मध्ये फोनोग्राफचा शोध लावला. पुढच्याच वर्षी या यंत्राचे संभाव्य उपयोग सांगताना त्यांनी अंधांसाठी बोलणाऱ्या पुस्तकांचाही उल्लेख केला होता. परंतु प्रत्यक्षात तो योग येण्यास अर्धशतकाहून अधिक काळ लागला. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या तबकडीवर जेमतेम चार-पाच मिनिटांचे ध्वनिमुद्रण मावत असे. अशा तबकड्यांवर कादंबरी बसवायची तर तिचा ढीगच झाला असता.

दरम्यान अमेरिकेत ३ मार्च १९३१ रोजी प्रॅट-स्मूट कायदा संमत झाला. अंध प्रौढांसाठी पुस्तके तयार करण्याकरिता लायब्ररी ऑफ काँग्रेसला दरवर्षी एक लाख डॉलर देण्याची तरतूद त्यात होती. वितरणासाठी सुरुवातीस १९ ग्रंथालयांची निवड करण्यात आली. त्या वेळी ‘पुस्तके’ याचा अर्थ उठावाच्या अक्षरांतील पुस्तके असाच होता. मात्र पहिल्या महायुद्धात दृष्टी गमावलेले सैनिक आणि उतारवयात अंधत्व आलेले नागरिक यांपैकी अनेकांना ब्रेल शिकणे कठीण जात असे. बोटांची संवेदना प्रौढपणी नव्याने घडवणे सोपे नसते. स्वतः अंध असलेल्या रॉबर्ट अर्विन यांच्या नेतृत्वाखाली अमेरिकन फाउंडेशन फॉर द ब्लाइंड या संस्थेने मिनिटाला ३३⅓ फेरे घेणारी, एका बाजूवर सुमारे १५ मिनिटे ध्वनी मावणारी तबकडी विकसित केली. १९३३ मध्ये कायद्यात दुरुस्ती होऊन ध्वनिमुद्रित पुस्तकांनाही निधी वापरण्यास अनुमती मिळाली आणि १९३४ पासून बोलकी पुस्तके वाचकांपर्यंत पोहोचू लागली. येथे एक गोष्ट आवर्जून नोंदवावी लागते. दीर्घवादन तबकडी सर्वसामान्य संगीतरसिकांच्या बाजारात १९४८ मध्ये आली. अंध वाचकांना ती १४ वर्षे आधी मिळाली. अपंगांसाठीचे तंत्रज्ञान म्हणजे मुख्य प्रवाहातील तंत्रज्ञानाची उशिरा मिळालेली उरलीसुरली आवृत्ती, हा समज या उदाहरणाने खोटा ठरतो.

परंतु तबकडी फुकट मिळाली तरी ती वाजवायची कशावर? सर्वसामान्य ग्रामोफोनवर ती चालत नव्हती. विशेष यंत्र विकत घ्यावे लागे आणि मंदीच्या काळात ते अनेक अंध कुटुंबांच्या आवाक्याबाहेर होते. हेलन केलर यांनी तर प्रारंभी या योजनेसाठी निधी मागण्यास नकार दिला होता. लक्षावधी माणसे बेकार असताना बोलके पुस्तक ही चैन आहे, असे त्यांचे मत होते. पुढे मात्र त्यांनी आपले वजन योजनेच्या बाजूने टाकले. १९३५ मध्ये बेकारांना काम देणाऱ्या वर्क्स प्रोग्रेस ॲडमिनिस्ट्रेशन या शासकीय योजनेतून यंत्रनिर्मिती सुरू झाली आणि १९४२ पर्यंत सुमारे २३ हजार यंत्रे तयार झाली. ही यंत्रे शासनाच्या मालकीची असून वाचकांना उसनी दिली जात. यंत्र पुस्तकाप्रमाणेच देवघेवीचे साहित्य होऊ शकते, ही कल्पना अशा रीतीने एका आर्थिक संकटाच्या पोटी जन्माला आली. पुढे कायद्याच्या शब्दांतही पुस्तके, ध्वनिमुद्रिते आणि ती वाजवणारी यंत्रे यांचा एकत्र उल्लेख आला आणि यंत्रांची खरेदी, देखभाल व बदली ही शासनाची जबाबदारी ठरली.

ब्रिटनमध्ये नोव्हेंबर १९३५ मध्ये बोलक्या पुस्तकांची सेवा सुरू झाली. तिच्यामागे युद्धात दृष्टी गेलेले इयन फ्रेझर यांची प्रेरणा होती. ॲगाथा ख्रिस्ती यांची एक रहस्यकथा आणि जोसेफ कॉनरॅड यांची ‘टायफून’ या तिथल्या आरंभीच्या कृती होत. मात्र दोन्ही देशांच्या वाटा वेगळ्या होत्या. ब्रिटनमधील सेवा स्वयंसेवी संस्थेच्या आधाराने चालली आणि तिच्यासाठी वाचकांकडून घेतले जाणारे वार्षिक शुल्क २०१५ मध्ये रद्द झाले. अमेरिकेत ती कायद्याने शासनावर सोपवलेली जबाबदारी राहिली. दया आणि अधिकार यांतील फरक असा व्यवहारात उतरतो.

२. रंगनाथनांच्या सूत्रांच्या कसोटीवर :
अमेरिकेत प्रॅट-स्मूट कायदा झाला त्याच वर्षी, म्हणजे १९३१ मध्ये, मद्रास येथे डॉ. रंगनाथन यांचा ग्रंथालयशास्त्राच्या पाच सूत्रांवरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. या दोन घटनांचा परस्परांशी संबंध नव्हता. तथापि एकीचा अर्थ लावण्यास दुसरी उपयोगी पडते. ग्रंथ उपयोगात आले पाहिजेत, वाचकाला हवे ते पुस्तक आणि पुस्तकाला योग्य तो वाचक लाभला पाहिजे, वाचकाचा वेळ खर्ची पडू नये आणि ग्रंथालय वाढत राहावे, असा या सूत्रांचा आशय आहे.

पहिल्या सूत्राच्या दृष्टीने पाहता, ज्या पुस्तकाचे यंत्र वाचकाकडे नाही ते पुस्तक कपाटात कुलूपबंद असल्यासारखेच आहे. साखळदंडाने बांधलेल्या मध्ययुगीन ग्रंथांचे उदाहरण ग्रंथालयशास्त्राच्या वर्गात नेहमी दिले जाते. यंत्राविना ध्वनिपुस्तक हा त्या साखळीचाच आधुनिक अवतार होय. दुसऱ्या सूत्रानुसार ‘वाचक’ म्हणजे कोण, हा प्रश्न उभा राहतो. अमेरिकेच्या कायद्याने या शब्दाचा अर्थ टप्प्याटप्प्याने रुंदावला. १९३१ मध्ये तो अंध प्रौढांपुरता होता. १९५२ मध्ये ‘प्रौढ’ हा शब्द गाळल्याने मुलांचा समावेश झाला. १९६६ मध्ये शारीरिक अपंगत्वामुळे छापील पुस्तक धरू वा उलटू न शकणाऱ्यांनाही सेवा खुली झाली. पक्षाघात, कंपवात वा स्नायूंचे विकार असलेल्या माणसाची दृष्टी शाबूत असते. पण पुस्तक त्याच्या हातून गळून पडते. डोळ्यांपलीकडच्या या अडथळ्याची कायद्याने घेतलेली दखल महत्त्वाची आहे. २०१९ मध्ये सेवेच्या नावातच ‘शारीरिक अपंग’ ऐवजी ‘मुद्रणबाधित’ असा अर्थ व्यक्त करणारा शब्दप्रयोग आला. दोष माणसाच्या शरीरात नसून मुद्रणाच्या स्वरूपात असू शकतो, ही भूमिका त्या नामांतरात दिसते.

तिसरे सूत्र पुस्तकाकडून वाचकाकडे पाहते आणि चौथे वाचकाच्या वेळेचा विचार करते. या दृष्टीने टपालाचा वाटा मोलाचा आहे. अमेरिकेत अंधांसाठीच्या ग्रंथालयीन साहित्याला १९०४ पासून टपालशुल्क माफ आहे. यंत्र, तबकड्या आणि पुढे ध्वनिफिती या मार्गानेच घरपोच गेल्या. ज्या वाचकाला घराबाहेर पडणेच अवघड, त्याच्यासाठी ग्रंथालयाचा उंबरठा पोस्टमनच्या पिशवीतून घरी आला. दुरुस्तीची बाजूही अशीच लक्षणीय आहे. दूरध्वनी क्षेत्रातील आजी-माजी कर्मचाऱ्यांच्या टेलिफोन पायोनियर्स या संघटनेच्या स्वयंसेवकांनी १९६० पासून नादुरुस्त यंत्रे दुरुस्त करण्याचे काम अंगावर घेतले. ग्रंथालयाच्या इतिहासात ग्रंथपालांची नावे येतात; सोल्डरची कांडी हातात घेतलेल्या या निवृत्त कारागिरांशिवाय मात्र कितीतरी पुस्तके मुकी राहिली असती.

पाचव्या सूत्राची साक्ष तंत्रज्ञानातील बदलांत मिळते. तबकडीची गती कमी कमी होत गेली, कारण गती कमी तितका मजकूर अधिक. १९६० च्या दशकाच्या अखेरीस ध्वनिफीत आली. निम्म्या गतीने आणि चार पट्ट्यांवर मुद्रण केल्यामुळे ९० मिनिटांच्या एका फितीत सहा तासांचे वाचन मावू लागले. २००९ मध्ये डिजिटल यंत्र आले व फितीची जागा स्मृतिपेटीने घेतली. या यंत्राच्या रचनेत वापरणाऱ्याचा विचार दिसतो. कळा मोठ्या आणि स्पर्शाने ओळखता येतील अशा वेगवेगळ्या आकारांच्या आहेत. यंत्र वापरण्याची माहिती यंत्रच बोलून सांगते. वाचनाची गती वाचकाला ठरवता येते. झोप लागल्यास ठरावीक वेळाने ते बंद होते. प्रगत प्रकारात खूण ठेवण्याची आणि प्रकरणानुसार पुढे-मागे जाण्याची सोय आहे. हातांची हालचाल नसलेल्यांसाठी श्वासाने चालणारी कळ आणि अंथरुणाला खिळलेल्यांसाठी उशीखालचा ध्वनिक्षेपक मिळू शकतो. अंथरुणावरच्या माणसाने कोणाला हाक न मारता पुढचे प्रकरण सुरू करावे, एवढ्यासाठी श्वासाची कळ घडवली जाते; वाचकाच्या स्वाधीनतेचा याहून बोलका पुरावा देता येणार नाही.

३. व्यवस्थेतील मर्यादा :
वरील विवेचनावरून ही व्यवस्था निर्दोष आहे असा समज होऊ नये. तिच्यात तीन अंतर्विरोध ठळकपणे आढळतात.

पहिला अंतर्विरोध प्रमाणपत्राचा आहे. डोळस वाचकाला ग्रंथालयाचा सभासद होण्यासाठी ओळख आणि पत्ता पुरतो. या सेवेच्या वाचकाला आपली असमर्थता सिद्ध करावी लागते. अंधत्व वा शारीरिक अपंगत्व प्रमाणित करण्याचा अधिकार डॉक्टरांखेरीज परिचारिका, समाजकार्यकर्ते आदींनाही होता. परंतु वाचन-अक्षमतेसाठी वैद्यकीय डॉक्टरचेच प्रमाणपत्र अनेक वर्षे बंधनकारक होते. २०२१ मध्ये नियम बदलून शिक्षक, ग्रंथपाल यांसारख्यांचे प्रमाणपत्रही ग्राह्य धरण्यात आले. ज्या शिक्षकाने मुलाला अक्षरांशी झुंजताना रोज पाहिले त्याचा शब्द ग्राह्य धरण्यास एवढा काळ लागावा, ही बाब वैद्यकीय दृष्टिकोनाचा पगडा किती खोल होता हे दर्शवते. यंत्र सामान्यतः वाचक सेवेचा वापर करतो आहे तोवरच त्याच्याकडे राहते. वर्षातून किमान एक पुस्तक वा नियतकालिक मागवणे अपेक्षित असते. ही अट जाचक नाही आणि सार्वजनिक साधन अडगळीत पडू नये यासाठी ती आवश्यकही आहे. तरीही घरातील छापील पुस्तके वर्षानुवर्षे न उघडणाऱ्या डोळस माणसाला असा हिशेब कोणी विचारत नाही.

दुसरा अंतर्विरोध स्वामित्वहक्काचा आहे. प्रकाशकांनी आपल्या पुस्तकांच्या ध्वनिमुद्रणास परवानगी दिली ती इतरांनी ती ऐकू नयेत या अटीवर. त्यामुळे फितीची निम्मी गती आणि चार पट्ट्या या गोष्टी दोन कामे करत होत्या. त्यांनी अधिक मजकूर सामावला, आणि बाजारातील साध्या टेपरेकॉर्डरवर ती फीत निरुपयोगीही ठरवली. यंत्र उसने देणे हे त्यामुळे औदार्य होते तसेच कुंपणही होते. वाचकाला विशेष यंत्रावाचून गत्यंतर नसावे, अशी रचना जाणीवपूर्वक जपली गेली. अमेरिकेत १९९६ च्या कायदेदुरुस्तीने प्रत्येक पुस्तकासाठी स्वतंत्र परवानगी घेण्याची गरज राहिली नाही. परंतु प्रती विशेष स्वरूपातच असाव्यात ही अट राहिली. या प्रश्नाला आंतरराष्ट्रीय वळण मिळाले ते २७ जून २०१३ रोजी स्वीकारल्या गेलेल्या माराकेश कराराने. मुद्रणबाधितांसाठी तयार केलेल्या प्रती एका देशातून दुसऱ्या देशात पाठवण्यास त्याने मुभा दिली. या कराराला मान्यता देणारा भारत हा पहिला देश होता, २०१४ मध्ये. अमेरिकेने २०१९ मध्ये त्यास मान्यता दिली. मुलाकडे परदेशी राहणाऱ्या आणि दृष्टी मंदावलेल्या मराठी आईवडिलांपर्यंत मराठी ध्वनिपुस्तक कायदेशीरपणे पोहोचण्याची वाट यातून तत्त्वतः मोकळी झाली आहे.

तिसरा अंतर्विरोध ग्रंथनिवडीचा आहे. उसने घेणाऱ्याला निवडीचा अधिकार असतो तो उपलब्ध यादीपुरताच. ती यादी कोण करतो? १९८५ मध्ये अमेरिकी काँग्रेसने ‘प्लेबॉय’ या नियतकालिकाच्या ब्रेल आवृत्तीवर होणाऱ्या १,०३,००० डॉलर खर्चाएवढी रक्कम सेवेच्या निधीतून कापली आणि ती आवृत्ती बंद झाली. ब्रेल आवृत्तीत अर्थातच चित्रे नव्हती, मजकूर होता. अंधांच्या संघटनेने न्यायालयात दाद मागितली आणि १९८६ मध्ये निर्णय वाचकांच्या बाजूने लागला. मजकुराबद्दलच्या नापसंतीमुळे सेवा रोखणे हा अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा भंग ठरला. हे प्रकरण ब्रेलचे असले तरी त्यातील तत्त्व ध्वनिपुस्तकांनाही लागू पडते. त्या नियतकालिकाची वाङ्मयीन योग्यता हा मुद्दा येथे गौण आहे. अपंग वाचकाने उद्बोधक आणि सोज्वळ तेवढेच वाचावे अशी पालकत्वाची भूमिका घेतली, की सेवेचे रूपांतर संस्कारवर्गात होते. महाराष्ट्रातही अंधांसाठी ध्वनिमुद्रणाचा उपक्रम हाती घेतला की संतचरित्रे आणि बोधकथा यांची आठवण आधी होते. बंडखोर कविता, दलित आत्मकथने वा रहस्यकथा मागे पडण्याचा धोका असतो.

निवेदकाचा आवाज हाही निवडीचाच भाग आहे. निवेदकाने अभिनय करावा की तटस्थपणे वाचावे, हा बोलक्या पुस्तकांच्या इतिहासातील जुना वाद आहे. अलेक्झांडर स्कोर्बी या नटाने अमेरिकन फाउंडेशनसाठी ४०० हून अधिक पुस्तके वाचली आणि तो अनेक अंध वाचकांचा आवडता आवाज झाला. परंतु आवाज जितका रंगतदार, तितका तो वाचकाच्या कल्पनाशक्तीची जागा घेतो. पात्राच्या बोलण्यातील उपरोध ओळखण्याचे काम निवेदकानेच केले तर वाचकाला उरते काय? दुसरीकडे निर्विकार वाचन ललितकृतीला कोरडे करते. मराठीत हा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे, कारण मालवणी, वऱ्हाडी वा अहिराणी संवाद असलेली कादंबरी प्रमाण उच्चारांच्या निवेदकाने वाचली तर कृतीचा प्राणच हरवतो. निवेदकाची निवड हा म्हणून तांत्रिक भाग नसून भाष्य आहे आणि समीक्षेने त्याची दखल घेणे अगत्याचे आहे.

४. भारतीय संदर्भ आणि महाविद्यालयीन ग्रंथालय :
भारतात १९५२ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड या संस्थेने बोलक्या पुस्तकांच्या ध्वनिफिती तयार करून मराठीसह अन्य भाषांतील पुस्तके वाचकांपर्यंत नेली. ऑगस्ट २०१६ मध्ये सुगम्य पुस्तकालय हे ऑनलाइन ग्रंथालय सुरू झाले. कायद्याची चौकटही अनुकूल आहे. २०१२ मध्ये स्वामित्वहक्क कायद्यात झालेल्या दुरुस्तीने अपंग व्यक्तींसाठी सुलभ स्वरूपातील प्रती ना-नफा तत्त्वावर तयार करण्यास परवानगीची गरज उरली नाही. विशेष म्हणजे या तरतुदीत शासनमान्य शैक्षणिक संस्था आणि ग्रंथालये यांचाही समावेश आहे. म्हणजेच कोणतेही मान्यताप्राप्त महाविद्यालय आपल्या दृष्टिबाधित विद्यार्थ्यांसाठी क्रमिक वा संदर्भग्रंथाचे ध्वनिमुद्रण करू शकते. या तरतुदीचा वापर करण्याआड कायदा येत नाही.

उणीव आहे ती यंत्राच्या देवघेवीची. केंद्र शासनाच्या १९८१ पासूनच्या ॲडिप योजनेत उत्पन्नाच्या मर्यादेत बसणाऱ्या अपंग व्यक्तींना साहाय्यक उपकरणे दिली जातात. तेथे उपकरण लाभार्थीच्या मालकीचे होते. मालकी ही उसनवारीपेक्षा श्रेष्ठ वाटते खरी. परंतु वाचनयंत्राच्या बाबतीत गणित उलटे पडू शकते. दिलेले यंत्र बिघडले की ते घेणाऱ्याची जबाबदारी ठरते आणि तालुक्याच्या गावी त्याचा सुटा भाग मिळत नाही. उसने दिलेले यंत्र बिघडले तर ते परत करून दुसरे मागता येते. पहिल्या व्यवहारात शासनाचे कर्तव्य वाटप समारंभाबरोबर संपते. दुसऱ्यात ते वाचक आहे तोवर चालू राहते. अमेरिकेच्या अनुभवातून घेण्याजोगा मुख्य धडा हा आहे.

आता प्रत्येकाच्या हाती मोबाइल असताना स्वतंत्र यंत्राची गरज काय, असा आक्षेप घेतला जाईल. अमेरिकेतही २००९ पासून पुस्तके इंटरनेटवरून उतरवून घेता येतात. तरीही तेथे यंत्रे देण्याचे थांबलेले नाही. २०२० पासून ब्रेल वाचनयंत्रेही उसनी देण्यास प्रारंभ झाला. याचे कारण उघड आहे. सत्तरीत दृष्टी गेलेल्या वाचकाला गुळगुळीत काचेवरील अदृश्य कळा शोधता येत नाहीत. कंप असलेल्या बोटांना तर त्या दाद देत नाहीत. त्यांना उठावाच्या, ठाम कळा लागतात. शिवाय मोबाइल कुटुंबात सामायिक असेल तर अंध विद्यार्थिनीचे वाचन पुन्हा इतरांच्या सवडीवर जाते आणि ज्या स्वाधीनतेसाठी हा खटाटोप, तीच नाहीशी होते.

पडदावाचक सॉफ्टवेअरचीही एक मर्यादा महाविद्यालयीन अध्यापकांनी ध्यानी घेतली पाहिजे. संगणकाचा आवाज युनिकोडमधील मराठी मजकूर वाचू शकतो. परंतु जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टंकलिखित केलेल्या टिपणांतून त्याला निरर्थक अक्षरेच मिळतात. छापील पानांची छायाचित्रे जोडून केलेली पीडीएफ तर त्याच्यासाठी कोरा कागदच असतो. अनेक विभागांतील नोट्स, प्रश्नपेढ्या आणि संशोधनपत्रिका आजही याच स्वरूपात आढळतात. महाविद्यालयांच्या मूल्यांकनात दिव्यांगस्नेही वातावरण हा निकष आहे आणि त्यासाठी उतार व लोखंडी कठडे बांधले जातात. उताराने ग्रंथालयाच्या दारापर्यंत जाता येते. पुस्तकाच्या आत जाण्याचा उतार मात्र युनिकोड, ध्वनिमुद्रण आणि उसने यंत्र यांनीच बांधता येतो.

यासाठी लागणारा खर्च अवास्तव नाही. ग्रंथालयाने चार-पाच ध्वनियंत्रे पुस्तकांप्रमाणेच दाखल नोंदवहीत चढवावीत, त्यांना दाखल क्रमांक द्यावा, सत्रभरासाठी ती घरी न्यावयास द्यावीत आणि दुरुस्तीसाठी वार्षिक तरतूद ठेवावी. राष्ट्रीय सेवा योजनेच्या विद्यार्थ्यांकडून ध्वनिमुद्रण करून घेता येईल. मात्र कोणते पुस्तक मुद्रित करावयाचे, हे ऐकणाऱ्या विद्यार्थ्याने ठरवावे. भाषा विभागांनी उच्चार आणि बोलीची बाजू सांभाळावी.

निष्कर्ष :
१. ध्वनियंत्र हे ध्वनिपुस्तकाचे उपांग नसून वाचनाची पूर्वअट आहे. म्हणून त्याची गणना फर्निचरमध्ये न करता ग्रंथालयीन साहित्यात केली पाहिजे.
२. श्रवण आणि वाचन यांतील भेद इंद्रियांचा नसून वाचकाच्या ताब्याचा आहे. गती, आवृत्ती आणि निवड वाचकाच्या हाती आली की श्रवण हे पूर्णार्थाने वाचन होते.
३. अमेरिकेतील सेवेचे सामर्थ्य कायद्याने स्वीकारलेल्या सातत्यात आहे, तर तिच्या मर्यादा प्रमाणपत्र, स्वामित्वहक्काची कुंपणे आणि ग्रंथनिवडीतील पालकत्व यांत आढळतात.
४. एकदाच वाटप करण्यापेक्षा देखभालीसह उसने देणे ही पद्धत वाचनयंत्राच्या बाबतीत अधिक टिकाऊ ठरते.
५. भारतीय कायद्याने शैक्षणिक संस्थांना दिलेली मुभा महाविद्यालयांनी वापरावी आणि अध्यापकांनी आपले लेखन युनिकोडमध्ये उपलब्ध करून द्यावे.

श्रवणाला ज्ञानाचे पहिले दार मानणाऱ्या परंपरेत एखाद्या विद्यार्थ्याला केवळ यंत्राअभावी पुस्तकापासून वंचित राहावे लागणे हे त्या परंपरेशी विसंगत आहे. देवघेव विभागाच्या खिडकीतून पुस्तकाबरोबर एक यंत्रही बाहेर जाऊ लागले, तर ‘बहुश्रुत’ हा शब्द महाविद्यालयाच्या आवारात पुन्हा सार्थ होईल.